आधी आडवा अक्ष, मग उभा: अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणीचं कॅलिब्रेशन सुधारण्याची रीत

ॲस्ट्रोसॅट या भारतीय वेधशाळा-उपग्रहावरच्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपचा, म्हणजे एसएक्सटीचा, वर्णपट पहिल्यांदा मॉडेलशी जुळवायला घेतला की नजर दोन ठिकाणी अडकते: १.८ आणि २.२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (यापुढे केईव्ही; त्याचा हजारावा भाग ईव्ही). मॉडेल कितीही बदला, तिथले बिंदू रेषेवर बसत नाहीत. मग कोणी तिथे एखादी उत्सर्जनरेषा चिकटवतो, कोणी शोषण वाढवतो, कोणी २-३ टक्के सिस्टिमॅटिक चूक धरून पुढे सरकतो. पण १.८४ ही सिलिकॉनची के-कडा (शोषण जिथे एकदम उडी मारतं ती ऊर्जा) आहे, म्हणजे सीसीडीची, फोटॉन टिपणाऱ्या चिपची. २.२१ ही सोन्याची एम-कडा आहे, म्हणजे आरशांवरच्या मुलाम्याची. दोन्ही खुणा उपकरणाच्या आहेत, ताऱ्याचा तिथे काही संबंध नाही.

हा लेख इंदूरमध्ये, म्हणजे सिमरोलच्या आयआयटीत, विद्यापीठात किंवा होळकर सायन्समध्ये, अशा माहितीवर काम करणाऱ्यांसाठी आणि प्रयोगशाळेत लहानसा क्ष-किरण डिटेक्टर उभा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः एसएक्सटीची आहेत, कारण त्याची माहिती इस्रोच्या संग्रहातून घरबसल्या उतरवता येते. सीसीडी आणि आरसे असलेल्या कुठल्याही दुर्बिणीला क्रम मात्र हाच लागतो.

क्रमच का महत्त्वाचा, ते आधी. मोजलेल्या वर्णपटात आडव्या अक्षावर ऊर्जा असते आणि उभ्या अक्षावर फोटॉनांची संख्या. दोन्ही अक्षांतल्या चुका एकमेकींचं सोंग घेतात. जिथे परिणामी क्षेत्रफळ (दुर्बीण प्रत्यक्षात जेवढ्या क्षेत्राने फोटॉन गोळा करते ते) एकदम पडतं, तिथे ऊर्जा ३० ईव्हीने सरकली तर फोटॉन कमी-जास्त झाल्याचा भास होतो. तो भास क्षेत्रफळात फेरफार करून पुसला की त्या दिवसापुरता आलेख छान दिसतो, पण पुढच्या वर्षी गेन (मोजलेल्या भारावरून ऊर्जा काढण्याचं प्रमाण) आणखी सरकल्यावर तीच दुरुस्ती उलटी लागू पडते. म्हणून आधी शून्य, मग ऊर्जा, मग रेषेची रुंदी, मग क्षेत्रफळ. दोन गोष्टी एकाच वेळी मोकळ्या सोडू नका.

ओळखायची खूण सोपी आहे. कडेपाशी उरलेला फरक आधी वर आणि लगेच खाली, किंवा उलट, असा आडव्या एस-सारखा दिसला तर ऊर्जा सरकली आहे. फरक कडेपासून एका बाजूला पायरीसारखा राहिला तर क्षेत्रफळ किंवा शोषणाचा थर चुकला आहे. बिन, म्हणजे ऊर्जेचे कप्पे, फार जाड केले तर ही खूणच नाहीशी होते. कडेजवळचा बिन रेषेच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाहून मोठा नसावा. एका बिनमध्ये २०-२५ पेक्षा कमी फोटॉन राहणार असतील तर जुळणी मोजायला काय-स्क्वेअर सोडा आणि कमी फोटॉनांसाठीचं सी-स्टॅटिस्टिक वापरा. बिन जाड करणं हा त्यावरचा उपाय नाही.

शून्य बघा

काम माहिती गाळण्यापासून सुरू होतं. ॲस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कल ठेवून फिरतो. दक्षिण अटलांटिक विसंगतीच्या, म्हणजे प्रारण-पट्टा खाली उतरतो त्या भागाच्या, कडेवरून तो जातो, तो वेळ काढून टाका. दुर्बिणीच्या दिशेत पृथ्वीची कड जवळ असेल तो वेळही काढा. विशेषतः उजेडातल्या पृथ्वीचा वेळ काढा, कारण तिथे दोष वेगळ्या वाटेने येतो: दृश्य प्रकाशाचा थोडासा अंश फिल्टरमधून झिरपतो आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये काही जादा इलेक्ट्रॉन टाकून जातो.

सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सरासरी ३.६५ ईव्ही लागतात. पिक्सेलमागे ८ इलेक्ट्रॉन जास्त पडले तर प्रत्येक फोटॉनची ऊर्जा २९ ईव्ही जास्त मोजली जाईल. एसएक्सटीच्या कामात ०.०२ ते ०.०४ केईव्हीचा गेन-ऑफसेट नेहमी लावावा लागतो, तो याच आकारमानाचा आहे. (यावरून तो ऑफसेट सगळा उजेडानेच येतो असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक्सचं तापमान आणि बायसची पातळीही असाच ऑफसेट देतात.)

हे वेगळं करायला एक चाचणी आहे. एका फोटॉनचा भार कधी एकाच पिक्सेलमध्ये पडतो, कधी दोन-तीन-चार पिक्सेलांत वाटला जातो. त्यानुसार घटनेला, म्हणजे नोंदलेल्या फोटॉनला, ग्रेड मिळते. शून्यपातळी प्रत्येक पिक्सेलमध्ये सरकली असेल, तर दोन पिक्सेलांच्या घटनेत ऑफसेट साधारण दुप्पट दिसेल. एकेरी आणि दुहेरी घटनांचे वर्णपट वेगळे काढून एकाच रेषेचं केंद्र तपासा. दोन्हीत ऑफसेट सारखाच निघाला तर दोष पिक्सेलच्या पातळीचा नाही, पुढच्या साखळीत आहे. दुहेरी घटनेत केंद्र उलट खाली आलं तर शेजारच्या पिक्सेलमधला थोडा भार उंबरठ्याखाली राहून वाया जातो आहे. तो प्रश्न स्प्लिट-थ्रेशोल्डचा, त्याला गेन जबाबदार नाही.

ऊर्जेची पट्टी

नमकीनच्या दुकानात रिकामा डबा तोलून आधी धडा करतात. धडा चुकला तर पावशेरावर आणि किलोवर सारख्याच ग्रॅमांची चूक होते. वजनंच खोटी असतील तर माल वाढेल तशी चूक वाढते. गेनमध्ये धडा म्हणजे ऑफसेट आणि वजनं म्हणजे उतार. एकच वस्तू तोलून दोन्ही दोष वेगळे करता येत नाहीत, इथेही तसंच आहे.

एसएक्सटीच्या ६०० गुणिले ६०० पिक्सेलांच्या सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ चे चार स्रोत सतत प्रकाश टाकतात. त्यांतून मँगनीजच्या दोन रेषा मिळतात: के-आल्फा ५.८९५ केईव्हीला, के-बीटा ६.४९० ला. रेषा दोन आहेत म्हणून उतार आणि ऑफसेट दोन्ही निघतील असं वाटतं. हिशेब करून पाहा. दोन रेषांमध्ये अंतर ५९५ ईव्ही. प्रत्येकीचं केंद्र २ ईव्हीपर्यंत अचूक काढलं तरी फरकातली चूक २.८ ईव्ही, म्हणजे उतारात जवळजवळ अर्धा टक्का. ही रेघ खाली १ केईव्हीपर्यंत ओढली की चूक २३ ईव्ही होते. जो ऑफसेट शोधायचा तो स्वतःच ३० ईव्हीचा! कोपऱ्यातल्या स्रोतांवरून वरच्या टोकाची पट्टी बसते, खालचं टोक नाही.

शिवाय हे स्रोत म्हातारे होतात. लोह-५५ चं अर्धायुष्य सुमारे २.७४ वर्षं. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला उडाला. दहा वर्षांनी कोपऱ्यातले स्रोत मूळ तेजाच्या ८ टक्क्यांवर आले. रेषेच्या केंद्रातली चूक म्हणजे रेषेचा सिग्मा भागिले फोटॉनांच्या संख्येचं वर्गमूळ. अर्ध्या उंचीवरची रुंदी १३६ ईव्ही असेल तर सिग्मा ५८ ईव्ही, १००० फोटॉनांत चूक १.८ ईव्ही, १०,००० मध्ये ०.६. सुरुवातीला एका निरीक्षणात जे मिळायचं, त्यासाठी आता कित्येक निरीक्षणं एकत्र करावी लागतात. ती एकत्र करताना तारखेचा तुकडा इतका लांब घेऊ नका की त्या काळात गेनच सरकेल. आधी छोट्या तुकड्यांत केंद्राचा कल बघा, मग जोडा.

खालच्या टोकासाठी आकाशातल्या रेषा घ्या. स्मॉल मॅगेलॅनिक क्लाउडमधला ई०१०२ हा सुपरनोव्हा-अवशेष यासाठी सगळ्यांत सोयीचा. ऑक्सिजनच्या रेषा ०.५७ आणि ०.६५ केईव्हीपाशी, निऑनच्या ०.९२ आणि १.०२ पाशी, आणि लोहाचा गोंधळ अगदी कमी. त्याचा व्यास पाऊण कोनीय मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास आहे. एसएक्सटीची प्रतिमा मुळातच सुमारे दोन मिनिटं पसरट, त्यामुळे तिच्यासाठी हा बिंदूच. क्ष-किरण कॅलिब्रेशनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने, आयएचेकने, त्याचं ठरीव मॉडेल तयार केलं आहे. रेषांच्या ऊर्जा त्यातून घ्या आणि बांधून ठेवा, मोकळा फक्त गेन सोडा.

मध्यासाठी कॅसिओपिया-ए चालतो. सिलिकॉनची १.८६ च्या आसपासची आणि गंधकाची २.४५ ची रेषा त्यात ठसठशीत आहे. पण त्याचा एक भाग आपल्याकडे येतो आहे, दुसरा दूर जातो आहे. सेकंदाला २००० किलोमीटर वेगाने १.८६ ची रेषा १२ ईव्हीने सरकते. मोठ्या वर्तुळातून सगळा अवशेष एकदम घ्या. अर्धाच घेतलात तर गेन मोजल्याच्या भ्रमात तुम्ही अवशेषाचा वेग मोजत बसाल.

आता ‘गेन फिट’. एक्सस्पेक या वर्णपट जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही आज्ञा उतार आणि ऑफसेट दोन्ही मोकळे सोडते. एसएक्सटीच्या साध्या, रेषा नसलेल्या वर्णपटावर उतार १ ला बांधा आणि ऑफसेट एकटा सोडा. दोन्ही मोकळे सोडले तर जुळणी नेहमीच सुधारते, कारण मॉडेलमधली खोट उतार गिळून टाकतो. निघालेला ऑफसेट ०.०२ ते ०.०४ केईव्हीच्या बाहेर गेला तर दुर्बिणीवर खापर फोडण्याआधी मॉडेल तपासा. आणि चिन्ह हाताने पडताळा: ज्ञात ऊर्जेची एक कृत्रिम रेषा तयार करा, ऑफसेट द्या, रेषा कुठल्या बाजूला सरकते ते पाहा. ऑफसेट वजा करायचा की मिळवायचा, याची व्याख्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखी नसते. उलट्या चिन्हाने केलेली दुरुस्ती दोष दुप्पट करते.

टेबलावरचा सराव

हे सगळं हाताखालून गेलं नाही तर आकडे कोरडे राहतात. सिलिकॉन-ड्रिफ्ट किंवा सिलिकॉन-पिन डिटेक्टर आणि लोह-५५ ची एक चकती एवढ्यावर सराव होतो. चकती घेण्याआधी एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, ई-लोरा प्रणालीतली नोंद आणि संस्थेच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची संमती हवी. ती कागदपत्रं डिटेक्टरच्या ऑर्डरबरोबरच सुरू करा.

चकतीचे ५.९ केईव्हीचे किरण डिटेक्टरवर थेट पाडण्याऐवजी एखाद्या नमुन्यावर तिरपे पाडा. नमुना आपल्या रेषा देतो. स्वयंपाकघरातलं मीठ: क्लोरिन, २.६२ केईव्ही. प्लास्टर ऑफ पॅरिस: गंधक २.३१ आणि कॅल्शियम ३.६९, एकाच वड्यात दोन. टायटॅनियमचा पत्रा: ४.५१. स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल: १.४९. तांबं आणि निकेल मात्र या चकतीने उजळणार नाहीत. त्यांच्या के-कडा ८ केईव्हीच्या वर, आणि आपले किरण साडेसहाच्या आत.

ॲल्युमिनियमची रेषा दिसत नाही ही तक्रार हमखास येते. कारण हवा. १.५ केईव्हीला एक सेंटिमीटर हवेतून जेमतेम चौथा भाग पार होतो. ६ केईव्हीला तेवढ्याच हवेत तीनेक टक्केच अडतात. खोकं निर्वात करा, नाहीतर हेलियम भरा. हवा राहिली आहे की नाही हे वर्णपटच सांगतो: २.९६ ला आर्गॉनची रेषा उभी राहते. कोणी तिला बोलावलेलं नसतं, ती हवेबरोबर येते. दुसरी फसवी रेषा ४.१५५ ला. ५.८९५ च्या फोटॉनमधून सिलिकॉनचा स्वतःचा १.७४० चा फोटॉन निसटून गेला की उरते ती. ती टायटॅनियम समजून गेन बसवला तर सगळी पट्टी वाकडी होते.

इंदूरचा पावसाळा या कामाला जाचक आहे. जुलै-ऑगस्टात दवबिंदू २० अंशांच्या वर असतो, आणि थंड केलेल्या डिटेक्टरच्या खिडकीवर पाणी धरायला काही सेकंद पुरतात. क्रम मोडायचा नाही: आधी निर्वात, मग थंड. बंद करताना आधी पूर्ण गरम, मगच हवा आत. पाण्याचा पातळ थर बसला तर खालच्या ऊर्जेच्या रेषा अशक्त होतात आणि वरच्या जशाच्या तशा राहतात. अंतराळात नेमका असाच रोग होतो, त्याकडे पुढे येऊ.

विजेचंही पाहा. रेषेची रुंदी दिवसा जास्त आणि रात्री कमी निघाली तर डिटेक्टरवर संशय घेण्याआधी अर्थिंग तपासा. प्रीॲम्प्लिफायरची शून्यपातळी ऑसिलोस्कोपवर ५० आणि १०० हर्ट्झला हलताना दिसली तर दोष वायरिंगचा. पंप, फ्रीज आणि डिटेक्टर एकाच बोर्डावर लावू नका. ऑनलाइन यूपीएस आणि एकाच ठिकाणी जोडलेलं अर्थ, एवढ्याने बहुतेक काम होतं.

भार वाहताना होणारी गळती

सीसीडीत भार एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ढकलत वाचनाच्या टोकापर्यंत नेतात. प्रत्येक ढकलीत थोडा मागे राहतो. मागे राहण्याचं प्रमाण एक लाखात १ असेल तर ६०० ओळींनंतर ०.६ टक्के तोटा, म्हणजे ५.९ केईव्हीला ३५ ईव्ही. दहा हजारात १ झालं तर ३४० ईव्हीच्या वर. त्यात रेषाच विस्कटते.

चंद्राला हा धडा लवकर मिळाला. (इथला चंद्रा म्हणजे नासाची वेधशाळा.) १९९९ च्या जुलैत उड्डाण झालं आणि पहिल्या काही आठवड्यांतच प्रारण-पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून सरकत थेट सीसीडीवर पोचले. समोरून प्रकाश घेणाऱ्या सीसीडींची गळती एकदम वाढली. त्यानंतर पट्ट्यांतून जाताना कॅमेरा केंद्रस्थानातून बाजूला सरकवू लागले आणि सीसीडी उणे १२० अंशांपर्यंत थंड ठेवू लागले. एसएक्सटीचा सीसीडी उणे ८० च्या आसपास चालतो.

एसएक्सटीचे चार कोपरे इथे फार उपयोगी पडतात. दोन कोपरे वाचनाच्या टोकाजवळ आहेत, दोन दूर. जवळच्या आणि दूरच्या स्रोतांमध्ये मँगनीज रेषेचा फरक २० ईव्ही आणि ओळींमधलं अंतर ५०० असेल तर गळती लाखात ०.७ च्या आसपास. दर सहा महिन्यांचा हा आकडा एका आलेखावर मांडत जा. पण एक मर्यादा: ही गळती ५.९ केईव्हीची आहे. खालच्या ऊर्जेत भाराचं गाठोडं लहान असतं, आणि टक्केवारीत त्याची गळती जास्त. ५.९ चाच आकडा १ केईव्हीला लावला तर दुरुस्ती अपुरी पडते आणि उरलेली चूक पुन्हा ऑफसेटचं सोंग घेऊन येते. बिंदूसारखा स्रोत नेहमी सीसीडीच्या मध्याजवळ पडत असल्याने कोपऱ्यांतलं अंतर जसंच्या तसं लावू नका, मध्याच्या ओळीपुरतं मोजा.

रेषेची रुंदी

हा टप्पा छोटा आहे. सिलिकॉनचा फॅनो-गुणक (जोड्यांच्या संख्येत किती चढउतार होतो ते सांगणारा) ०.११५ धरला तर ५.९ केईव्हीला निसर्गच ११७ ईव्ही रुंदी देतो. त्याच्या खाली जाता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट ६ इलेक्ट्रॉन असेल तर १२८, ८ असेल तर १३६ ईव्ही. मोजलेली रुंदी याहून जास्त असेल तर गोंगाट, गळती आणि वेगवेगळ्या तारखांच्या सरकलेल्या गेनची भेसळ, या तिघांपैकी कोण ते शोधा. भेसळ ओळखायची तर एकाच दिवसाच्या माहितीची रुंदी काढा. ती कमी आली तर दोष जोडणीचा. रिस्पॉन्स फाइलमधली (डिटेक्टरचा प्रतिसाद सांगणाऱ्या फाइलमधली) रुंदी वाढवून हा दोष झाकू नका.

फिल्टरवरचा थर

थंड पृष्ठभागावर यानातून निघणारी कार्बनी वाफ हळूहळू बसते. चंद्राच्या एसिस कॅमेऱ्याला आणि सुझाकू या जपानी वेधशाळेच्या एक्सआयएस कॅमेऱ्याला हा त्रास ठळकपणे झाला. कार्बनचा थर दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल तर १ केईव्हीला २० टक्के फोटॉन अडतात, २ केईव्हीला फक्त ३ टक्के. त्यामुळे हा दोष आंतरतारकीय शोषणासारखा दिसतो, आणि जाणकारही त्यात फसतात. एका स्रोताच्या दिशेतला हायड्रोजन-स्तंभ, म्हणजे वाटेतल्या वायूचं प्रमाण, वर्षागणिक वाढताना दिसला तर ढग आला म्हणण्याआधी फिल्टर तपासा.

तपासायला न बदलणारा, मऊ (कमी ऊर्जेकडे झुकलेल्या) वर्णपटाचा स्रोत हवा. आरएक्स जे१८५६ हा एकाकी न्यूट्रॉन तारा त्यासाठी वापरतात. ई०१०२ च्या ऑक्सिजन आणि निऑन रेषांच्या तेजाचं गुणोत्तरही चालतं. गुणोत्तर वर्षानुवर्षं पडत असेल आणि गेन आधीच जुळलेला असेल, तर थर वाढतो आहे. गेन जुळलेला नसताना हे करू नका. ०.५७ च्या रेषेला ३० ईव्ही म्हणजे पाच टक्के, आणि तिथे क्षेत्रफळ इतकं उतरतं असतं की गुणोत्तर आपोआप बिघडतं.

थर सगळीकडे सारखा नसतो. एसिसच्या फिल्टरवर तो मध्यापेक्षा कडेला जाड आहे, कारण कडा जास्त थंड. पसरट अवशेषावरून काढलेली जाडी मध्यावरच्या बिंदूला लावताना हे लक्षात ठेवा.

क्षेत्रफळ, म्हणजे उभा अक्ष

आता कुठे क्षेत्रफळाला हात लावायचा. एसएक्सटीचे आरसे म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियम फॉइलची ४० एककेंद्री कवचं, दोन टप्प्यांत, केंद्रलांबी २ मीटर. किरण आरशाला जेमतेम चाटून जातात. परावर्तन सोन्याच्या घनतेवर, खडबडीतपणावर आणि वर बसलेल्या कशावरही अवलंबून असतं. चंद्राच्या इरिडियम आरशांवर सुमारे २२ अँगस्ट्रॉम जाडीचा हायड्रोकार्बनचा थर गृहीत धरल्यावरच २ केईव्हीजवळचा आकार जुळला, यावरून किती बारीक गोष्ट पुरते ते कळेल.

इथे इंदूरकरांच्या हाताशी एक दुर्मीळ सोय आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे आपल्या कॅटमध्ये, २.५ जीईव्हीचं इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे. त्याच्या मृदू क्ष-किरण परावर्तन बीमलाइनवर १०० ते १५०० ईव्हीपर्यंत आरशाचा नमुना मोजता येतो. प्रस्ताव लिहून वेळ मागावा लागतो. मागताना पल्ला विसरू नका: सोन्याची २.२१ ची कडा या पल्ल्याच्या बाहेर पडते. कार्बनची ०.२८४ ची कडा, ऑक्सिजन, निऑन आणि ॲल्युमिनियमच्या आधीचा भाग मात्र आत येतो. म्हणून प्रस्ताव ‘सोन्याची कडा मोजू’ असा लिहू नका, ‘सोन्यावरचा कार्बनचा थर मोजू’ असा लिहा. कोन बदलत परावर्तन मोजलं की आलेखात लाटा दिसतात. त्यांच्या अंतरावरून थराची जाडी निघते. नमुन्याचा तुकडा मूळ फॉइलच्याच घाण्यातला, म्हणजे एकाच वेळी मुलामा दिलेला, असावा. काचेवर चढवलेलं सोनं फॉइलपेक्षा गुळगुळीत निघतं आणि फुकटचा आशावाद देतं.

आकाशात क्षेत्रफळासाठी क्रॅब हा सुपरनोव्हा-अवशेष परंपरेचा स्रोत. वर्णपटाचा घातांक सुमारे २.१, आणि १ केईव्हीपाशी दर केईव्हीमागे दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ९.७ फोटॉनांच्या आसपास. दोन अडचणी. एक, क्रॅब स्वतःच काही वर्षांत काही टक्क्यांनी हलतो. २००८ नंतरच्या दोन वर्षांत तो सुमारे ७ टक्क्यांनी उतरला. एका टक्क्याचा दावा त्यावर उभारू नका. दुसरी, तो इतका तेजस्वी आहे की फोटॉन एकमेकांवर चढतात.

एसएक्सटीची पूर्ण चौकट वाचायला सुमारे २.४ सेकंद लागतात. एका घटनेच्या खिडकीत दर चौकटीला सरासरी ०.१ फोटॉन पडत असतील तर नोंदलेल्या घटनांपैकी ५ टक्के मुळात दोन किंवा जास्त फोटॉनांच्या असतात. १ आणि १.५ केईव्हीचे दोन फोटॉन मिळून अडीचचा एक दिसतो, वर्णपट खोटाच कडक होतो. मध्यातला गाभा कापून पाहा. घातांक बदलला तर फोटॉन एकमेकांवर चढले होते. तेजस्वी स्रोताला १५० गुणिले १५० पिक्सेलांची, ०.२८ सेकंदाची जलद पद्धत घ्या.

आणि वर्तुळ पुरेसं मोठं घ्या. एसएक्सटीचा प्रकाश लांबवर पसरतो, म्हणून १२ ते १५ कोनीय मिनिटांची त्रिज्या नेहमीची. अर्थात मग त्याच चित्रात पार्श्वभूमीला मोकळी जागा उरत नाही. कोपऱ्यात लहान वर्तुळ काढून पार्श्वभूमी वजा केलीत तर स्रोताचाच प्रकाश वजा होतो आणि शिवाय लोह-५५ आत येतं. रिकाम्या आकाशाच्या लांब निरीक्षणांची तयार पार्श्वभूमी वापरा. त्रिज्या बदललीत तर क्षेत्रफळाची फाइलही त्या त्रिज्येची घ्या.

दुसऱ्या दुर्बिणीशी ताळा

शेवटचा टप्पा न्यूस्टार, स्विफ्ट किंवा नायसर या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणींशी तुलना. मार्केरियन ४२१ सारखा ब्लेझर (कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेली दीर्घिका) काही तासांत बदलतो, म्हणून ‘त्याच दिवशी’ पुरत नाही. दोन्ही दुर्बिणी प्रत्यक्ष एकाच वेळी पाहत होत्या तेवढीच मिनिटं छेद घेऊन काढा. ॲस्ट्रोसॅट दीड तासाला एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत पृथ्वी आड येते, त्यामुळे दिवसभराच्या निरीक्षणातून सामाईक वेळ फार कमी उरतो. तो कमी म्हणून सूट देऊ नका. घाई नको असेल तर आकाशगंगांचा समूह घ्या, तो माणसाच्या आयुष्यात बदलत नाही.

जुळवताना दोघांमध्ये एक स्थिर गुणक ठेवा. तो पूर्ण पल्ल्यात सारखा निघाला तर फरक एकूण क्षेत्रफळाचा किंवा वर्तुळाबाहेर सांडलेल्या प्रकाशाचा. खाली वेगळा आणि वर वेगळा निघाला तर मागे जा, बहुधा फिल्टरपाशी. दोघांत बरोबर कोण, हे दोघांच्या तुलनेतून कळत नाही; तिसरा लागतो.

मूळ कॅलिब्रेशन फाइली बदलणं पेलोडच्या गटाचं काम आहे, आणि तुमच्या दुरुस्त्या त्यांच्यापर्यंत पोचायच्या तर त्या पुन्हा करून पाहता आल्या पाहिजेत. म्हणून निरीक्षण क्रमांक, गाळणीच्या अटी, वापरलेल्या फाइलींच्या आवृत्त्या, वर्तुळाची त्रिज्या, निवडलेल्या ग्रेड, बांधलेले आणि मोकळे आकडे, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा उरलेला फरक, हे सगळं एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहा. फक्त अंतिम ऑफसेट पाठवलात तर तो कुठल्या चिन्हाचा आणि कुठल्या ग्रेडचा, हे विचारणारं पत्र पहिल्यांदा येईल.